जास्तीची एक प्रत

ज्यांच्या काखेत बारा महिने एक निळी प्लॅस्टिकची पिशवी असते, पिशवीत फाईल, फाईलमध्ये तपकिरी लिफाफा आणि लिफाफ्यात, अस्सल कागद घरच्या ट्रंकेत कडीकुलपात असल्यामुळे, निव्वळ नकलांचा संसार मांडलेला असतो, त्या गृहस्थांची ओळख वाचकांना निराळी करून देण्याचे प्रयोजन नाही. कारण धाराशिवच्या कोणत्याही कचेरीत, बँकेत अथवा महाविद्यालयाच्या खिडकीशी आपण रांगेत उभे असता तेव्हा ते हटकून आपल्या पुढे असतात, आणि आपला क्रमांक लागण्यापूर्वी खिडकी बंद होते त्याचे कारणही बहुधा तेच असतात. माझ्या वाट्याला आलेल्या या जातीच्या पुरुषाला सारे गाव अण्णा म्हणते. तेरणेच्या काठी त्यांची थोडी कोरडवाहू जमीन आहे, तीवर ते पावसाच्या मर्जीने सोयाबीन पिकवतात, आणि उरलेला वेळ नातीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जामागे धावण्यात घालवतात. माझे घर एस.टी. स्टँडकडून कचेरीकडे जाणाऱ्या वाटेवर आहे, एवढाच काय तो माझा अपराध.

अण्णांचे सारे तत्त्वज्ञान एका वाक्यात सामावलेले आहे: "असू द्या की जास्तीची एक!" कारकुनाने उत्पन्नाच्या दाखल्याच्या दोन प्रती मागितल्या की अण्णा तीन काढतात, तीन मागितल्या की पाच काढतात, आणि एकही मागितली नाही की संशय येऊन सात काढतात. अर्ज आता ऑनलाइन झाला असून कागद कोणासही नको आहे, हे खिडकीतल्या इसमाने त्यांस कितीही परोपरीने समजावून सांगितले तरी ते शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "ते राहू द्या ऑनलाइनला. ही तुमच्यापाशी असू द्या जास्तीची." त्या इसमाने नाइलाजाने स्वीकारलेली ती प्रत पुढे चहाच्या पेल्याखाली जाते, पण अण्णांच्या मते ती 'दाखल' झालेली असते. झेरॉक्सच्या दुकानदाराकडून त्यांना काही दस्तुरी मिळत असावी, असा संशय मी पुष्कळ दिवस मनाशी बाळगून होतो.

हा छंद केवळ दाखल्यांपुरता असता तर सोसला असता. एके दिवशी आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज भरताना ओटीपीचा प्रसंग उद्भवला. आधारला जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक अण्णांच्या चिरंजीवांचा, चिरंजीव चाकणला एका कारखान्यात, आणि पाळी चालू असताना फोन जवळ बाळगण्यास तेथे मनाई. सबब नातीचे उच्च शिक्षण त्या कारखान्याच्या चहाच्या सुट्टीवर अवलंबून होते. साडेदहाला सुट्टी झाली, चिरंजीवांनी सहा आकडे सांगितले, अण्णांनी ते तळहाताएवढ्या चिठोऱ्यावर बाळबोध वळणात टिपून घेतले, आणि केंद्रचालकाने हात पुढे करताच "आलोच" म्हणून ते जे बाहेर पडले ते समोरच्या दुकानातून त्या चिठोऱ्याच्या दोन झेरॉक्स काढूनच परतले. तोपर्यंत त्या सहा आकड्यांची मुदत संपून गेली होती. पुढची चहाची सुट्टी दुपारी साडेतीनला होती. मूळ चिठोरे आणि त्याच्या दोन्ही नकला आजही त्या लिफाफ्यात सुरक्षित आहेत.

त्याच केंद्रात दुसऱ्या एका प्रसंगी, वर्तुळ फिरून फिरून थकल्यावर, पडद्यावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर इंग्रजीत दोन ओळी उमटल्या. "काय म्हणतंय?" अण्णांनी विचारले. सर्व्हर बंद आहे, नंतर प्रयत्न करा, असे म्हणते, हे ऐकून दुसरा कोणी विडी ओढायला बाहेर गेला असता; अण्णांनी त्या दोन ओळींची छापील प्रत मागून घेतली, तिच्या तीन नकला काढवल्या, आणि त्यांतील एक महाविद्यालयात नेऊन "साईट चालत नसल्याबाबत" अशा विषयाच्या अर्जास जोडून तिची पोचपावती मिळवली. न घडलेल्या गोष्टीची रीतसर पोचपावती मिळवणारा हा आमच्या जिल्ह्यातील पहिलाच अर्जदार असावा.

मग फाईलच्या आकारमानाचे प्रकरण निघाले. चढवावयाचा प्रत्येक कागद दोनशे छप्पन केबीच्या आत असला पाहिजे, ही अट ऐकून अण्णांनी "म्हणजे किती पानं?" अशी पृच्छा केली, आणि पाने नव्हेत, वजन, असे केंद्रचालकाने सांगताच ते कागद तळहातावर तोलून पाहू लागले. दाखला आक्रसून आक्रसून मर्यादेत बसवला तेव्हा तहसीलदारांची स्वाक्षरी नाहीशी झाली होती. स्वाक्षरी दिसेल इतका मोठा ठेवला तर तो मर्यादेबाहेर जाई. दोन दिवसांनी अर्ज "दाखला अस्पष्ट" असा शेरा घेऊन परत आला. मागाहून नातीच्या आडनावात आधारवर इंग्रजी 'डब्ल्यू' व बारावीच्या गुणपत्रकावर 'व्ही' असल्याचे निष्पन्न झाले. इतके झाल्यावर अर्ज एकदाचा मंजूर झाला, तरी मंजूर रक्कम विद्यार्थ्याने पुन्हा आत शिरून 'रिडीम' नावाचे बटण दाबल्याखेरीज हलत नसे, ते दाबून झाल्यावर अण्णा नातीच्या कानाशी वाकून म्हणाले, "अजून एकदा दाब. असू दे जास्तीचं."

या सर्व व्यवहारात माझा संबंध एका शिक्क्यापुरता. मी माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक म्हणून सेवानिवृत्त झालो, आणि 'सत्यप्रत' असा गोल शिक्का मारून खाली सही करण्याचा जो अधिकार उभी हयात माझी शान होता, तो 2015 साली शासनाने साक्षांकनाची अट काढून स्वयंसाक्षांकन पुरेसे मानल्यावर, माझ्या निवृत्तीइतकाच निकालात निघाला. हे अण्णांना पूर्ण अवगत आहे. तरीही दर सोमवारी पहिल्या एस.टी.ने उतरून ते माझ्या ओसरीवर नकलांची चळत मांडतात. "अण्णा, आता हे लागत नाही. मुलीने स्वतः सही केली की झाले," असे मी सांगतो. "तिची हायच की," ते म्हणतात, "तुमची असू द्या जास्तीची."

वास्तविक विद्यार्थ्यांना आर्थिक साहाय्य देणे ही काही आजची कल्पना नव्हे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 साली सुरू झाली. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत आलेली ईबीसीची फीमाफी तर आमच्या पिढीतील कित्येकांच्या पदवीचे मूळ आहे. अर्ज तेव्हाही होते, कारकून तेव्हाही होते, 'उद्या या' हा मंत्र तर निजामाच्या अमदानीपासून आमच्या कानावर आहे. फरक इतकाच, की तेव्हा अडलेला कागद कोणत्या टेबलावर अडला आहे हे चपराशाला चार आणे देऊन तरी कळत असे. आता तो "छाननीत आहे" एवढेच कळते, आणि छाननी कोठे बसते हे चपराशालाही ठाऊक नसते.

आणि हे सर्व आमच्याच नशिबी आहे असे समजून हळहळण्याचेही कारण नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन साहाय्यासाठी भरावयाचा 'फाफ्सा' नावाचा सरकारी अर्ज सुलभ करण्याचे तेथील सरकारने मनावर घेतले, तेव्हा एरवी ऑक्टोबरात खुला होणारा तो अर्ज 2023 साली 30 डिसेंबरला उघडला, आणि तोही आरंभी काही वेळ उघडा नि बराच वेळ बंद अशा रीतीने. ज्यांच्या आईबापांपाशी तेथला सोशल सिक्युरिटी क्रमांक नव्हता, अशी मुले तर कित्येक आठवडे दाराबाहेर तिष्ठत राहिली. ही वार्ता मी अण्णांना मुद्दाम वाचून दाखवली. त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकली, क्षणभर विचार केला, आणि खरोखरीच्या अनुकंपेने विचारले, "तिकडं झेरॉक्सची दुकानं न्हाईत का हो?"

येथवर मी अण्णांची जी थट्टा केली ती मला 2017-18 या वर्षाने पुरी करू दिली नाही. त्या वर्षी राज्य शासनाने निरनिराळ्या खात्यांच्या शिष्यवृत्त्या 'महाडीबीटी' या एकाच संकेतस्थळावर आणल्या आणि पैसे परस्पर विद्यार्थ्याच्या आधारसंलग्न खात्यात टाकण्याचे ठरवले. हेतू निःसंशय स्तुत्य होता. परंतु तांत्रिक अडचणी इतक्या वाढल्या की त्याच शैक्षणिक वर्षात अर्ज पूर्ववत कागदावर घेण्याची पाळी आली. ती बातमी आमच्या गावात पोचली त्या सकाळी झेरॉक्सच्या दुकानापुढे पोरांची जी झुंबड उडाली ती नवरात्रातल्या तुळजापुरास शोभली असती. त्यात अकराच्या सुमारास वीज गेली. पोरे अस्सल दाखले डोक्यावर धरून उन्हात उभी राहिली, आणि त्या गर्दीच्या कडेने, निळी पिशवी काखेत मारून, कोणतीही घाई नसलेल्या माणसाच्या चालीने अण्णा महाविद्यालयाच्या खिडकीशी गेले. नातीचा संच तर त्यांनी दिलाच. पण त्यांच्या गावातली आणखी सहा पोरे शहरात शिकत होती, त्यांच्याही कागदांच्या जास्तीच्या प्रती ते कधीपासून बाळगून होते, हे मला त्या दिवशी समजले. सात संच त्यांनी ओळीने खिडकीत ठेवले. ज्या इसमाने त्यांचे कागद आजवर पेल्याखाली घातले होते, तो ते चाळून झाल्यावर इकडे तिकडे पाहत खालच्या आवाजात म्हणाला, "अण्णा, इथले कोरे फॉर्म संपलेत. तुमच्याकडं एखादा..." अण्णांनी लिफाफ्यात हात घातला. होता. जास्तीचा.

त्या दिवशी एस.टी. चुकल्यामुळे ते माझ्याकडे मुक्कामाला राहिले. जेवण झाल्यावर, पिशवीतले कागद पुन्हा जुळवता जुळवता, जणू दुसऱ्याच कोणाची हकीकत असावी अशा सहजतेने त्यांनी सांगितले, की 1972 च्या दुष्काळात तेही शहरातल्या एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होते, फीमाफीचा अर्ज त्यांनी मुदतीत दिला होता, आणि दिवाळीनंतर तो अर्ज आलाच नाही असे त्यांस सांगण्यात आले. दिल्याचा पुरावा दाखवा, असे कारकून म्हणाला. फी भरण्याजोगी घरची स्थिती नव्हती; ते दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले आणि पुन्हा त्या इमारतीत शिरले ते थेट नातीचे बोट धरून. एवढे सांगून त्यांनी एक दाखला उजेडात धरून पाहिला, त्याचा मुडपलेला कोपरा नखाने सारखा केला आणि म्हणाले, "तवा झेरॉक्स नव्हती हो, गुर्जी."

दस्तुरीचा माझा संशय त्या रात्री मी मनातल्या मनात मागे घेतला. तोंडाने तो कधी बोललो नव्हतो, हे माझे भाग्य.

थोरली नात यथाकाल अभियंता झाली. धाकटी 2024 साली त्याच वाटेला लागली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये, वार्षिक आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आदी प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय शासनाने काढला. मी पेढा पुढे केला. अण्णांनी तो घेतला, पण त्यांचे चित्त मर्यादेच्या आकड्यावर खिळले होते. आठ लाख! उत्पन्न ही त्यांच्या आयुष्यातील एकमेव गोष्ट, जिची जास्तीची प्रत कधी निघाली नाही. "माफ झालं म्हणजे आता कागद लागणार न्हाईत?" त्यांनी विचारले. मी यादी वाचली: उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचे प्रमाणपत्र, आधार, प्रवेशाचा पुरावा. शुल्क माफ झाले होते. अर्ज माफ झाला नव्हता. अण्णांची मुद्रा उजळली.

मध्यंतरी आमच्या शहराचे व जिल्ह्याचे नाव 2023 साली अधिकृतपणे उस्मानाबादचे धाराशिव झाले होते, त्यामुळे धाकटीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव व नव्या उत्पन्नाच्या दाखल्यावर दुसरे, असा नवा पेच मला दिसू लागला. अण्णांना त्यात पेच कसला तो दिसेना. गावाला एक नाव जास्तीचे असलेले बरेच, असे त्यांचे मत पडले.

अलीकडे त्यांचे गुडघे दुखतात आणि पहिली एस.टी. त्यांच्याने धरवत नाही. गेल्या खेपेस ते आले तेव्हा त्यांनी पिशवीतून दोऱ्याने बांधलेले एक पुडके काढले आणि ते माझ्या कपाटात ठेवावे अशी विनंती केली. गावातल्या पोरांची नावे वर शाईने लिहिली होती. "मी असंन न्हाई तर," ते म्हणाले, "तुमच्यापाशी असू द्या जास्तीची." मी पुष्कळ कुरकुर केली, जागा नाही म्हणालो, वाळवीची भीती घातली, आणि ते गेल्यावर शिक्का व शाईची गादी शोधून काढून, ज्याला आता कायद्याने कवडीची किंमत नाही असा 'सत्यप्रत' हा गोल एकेका कागदावर उमटवीत संध्याकाळपर्यंत बसलो. खालच्या खणात डांबरगोळ्या टाकून सारे संच नीट लावले आहेत. परवा आणखी दोन पोरांचे कागद आले. खण पुरेनासा झाला आहे.