सोळा आण्यांतले तेरा आणे

महसूल खात्यात हयात घालवून अव्वल कारकून या पदावरून निवृत्त झालेला इसम उर्वरित आयुष्यात बहुधा दोहोंपैकी एका मार्गाला लागतो: एक तर तो भावकीच्या फेरफारांत लक्ष घालतो, नाही तर पारायणाला बसतो. आमच्या औशातील ज्या गृहस्थांविषयी मी लिहीत आहे, त्यांनी हे दोन्ही राजमार्ग नाकारून, पोहणे, सायकल हाकणे आणि धावणे ही तिन्ही कर्मे एकाच दिवशी, एकामागोमाग एक, मध्ये घोटभर चहाचीही उसंत न घेता करू इच्छिणाऱ्या हौशी लोकांना मार्गदर्शन करण्याचे व्रत पत्करले. गावात त्यांना नावाने कोणी ओळखत नाही. लहानथोर सगळे 'अव्वलसाहेब' म्हणतात, आणि ही पदवी आपल्याला सरकारने दिली की खेळाने, याविषयी त्यांच्या स्वतःच्या मनातही आता घोटाळा झालेला असावा.

या खेळाचे नाव ट्रायथलॉन. १९७८ साली हवाई बेटांपैकी ओआहू येथे पंधरा माणसांनी ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल हाकून, वर ४२.२ किलोमीटर धावण्याचा अविचार आरंभिला, बारा जणांनी तो तडीस नेला, आणि पुढे त्याच अविचाराची 'आयर्नमॅन' या नावाने जगभर प्रतिष्ठा झाली. त्याची अर्धी आवृत्ती २०१९ साली गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर भरली. तेव्हापासून आमच्या तालुक्यातही ज्यांना धड घरची भाजी आणण्याइतके चालवत नसे असे शिक्षक, डॉक्टर आणि कृषी सेवा केंद्राचे मालक पहाटे घट्ट कपडे घालून लातूर रस्त्याला लागले, आणि अव्वलसाहेबांना, निवृत्तीनंतर प्रथमच, अर्जदार मिळाले.

पहिली अडचण पाण्याची होती. ज्या लातूर जिल्ह्याच्या मुख्य शहराची तहान भागविण्यासाठी २०१६च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यातील माणसाने १.९ किलोमीटर पोहण्याचा सराव कोठे करावा, हा प्रश्न सामान्य बुद्धीला कुंठित करणारा असला तरी अव्वलसाहेबांनी तो मोजणीदाराच्या बाण्याने सोडविला. एका शिष्याच्या मळ्यातील चाळीस फूट व्यासाची विहीर निवडून, काठापासून हातभर अंतर सोडल्यास एक फेरी सुमारे पस्तीस मीटरची भरते असे गणित त्यांनी मांडले, आणि '५४ फेऱ्या' असा हुकूम काढला. शिष्याने तो शिरसावंद्य मानून हंगामभर विहिरीत डाव्या अंगाने प्रदक्षिणा घातल्या. परिणाम एवढाच झाला की पुढे गोव्याच्या समुद्रात उतरल्यावर, सरळ जावयाचे आहे हे डोक्याला ठाऊक असूनही देहाला पटेना, आणि तो वारंवार डावीकडे वळून खुणेच्या फुग्यांपासून दूर जाऊ लागला. अव्वलसाहेबांनी हा दोष मान्य केला नाही. 'समुद्राची हद्द कायम केलेली नसते,' एवढाच शेरा त्यांनी त्या मिसलीवर मारला.

मिसल हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाही. त्यांच्या ओसरीवर, स्टँडवर चढवून ठेवलेल्या आणि रस्ता न पाहिलेल्या एका परदेशी सायकलीच्या शेजारी, लाल फडक्यात बांधलेली दप्तरे रचलेली असतात आणि प्रत्येक दप्तरात एकेका शिष्याच्या नाडीचे ठोके, झोपेचे तास, पायांच्या पोटऱ्यांचे दुखणे व पोटाच्या तक्रारी तारीखवार नोंदविलेल्या आढळतात. नाडीची कमाल मर्यादा काढावयास २२० मधून वय वजा करण्याचे जुने सूत्र त्यांनी बरीच वर्षे चालविले. पुढे, २००१ सालीच दुसरे एक सूत्र प्रसिद्ध झालेले असून त्यात वयाच्या सात दशांश पट संख्या २०८ मधून वजा करतात असे समजताच, जुने परिपत्रक रद्द झाल्यावर जी तारांबळ कचेरीत उडते तीच ओसरीवर उडाली. चाळिशीच्या माणसाला दोन्ही सूत्रे १८० हाच आकडा देतात, सबब त्यांच्या मिसली तशाच बंद केल्या गेल्या. परंतु साठीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांस जुन्या हिशेबाने १६० आणि नव्या हिशेबाने १६६ ठोके निघाले, तेव्हा वरचे सहा ठोके पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर करावेत की अनामत ठेवावेत, यावर दोघांत तीन दिवस पत्रव्यवहार झाला. घरे समोरासमोर आहेत.

शिष्याच्या अंगी व्यायाम सोसण्याचे त्राण किती, हे ते पैसेवारीने ठरवितात. झोप, भूक, सकाळची नाडी आणि चिडचिड यांची पाहणी करून देहाचे पीक किती आणे आले ते लिहावयाचे, आणि आकडा पन्नास पैशांच्या खाली गेला की त्या देहात दुष्काळ जाहीर करून आठवडाभर सर्व वसुली तहकूब करावयाची. थट्टा सोडून सांगतो, या पद्धतीने औशात जितके गुडघे वाचले तितके लातूरच्या महागड्या बुटांनी वाचविले नसतील. खाण्याच्या बाबतीतही त्यांचे धोरण काटकसरीचे पण शास्त्राला धरून आहे: लांब पल्ल्याला ताशी साठ ग्रॅमपर्यंत पिष्ट-शर्करा पोटात जावी हे खरे, मात्र ती चकचकीत पुडीतूनच जावी असे कोठे लिहिले आहे, असे विचारून ते गुळाचा खडा आणि केळे पुढे करतात, आणि उन्हाळ्यात नुसते पाणी ढोसणाऱ्याला रक्तातले मीठ पातळ झाल्याने काय अनर्थ होतो ते सांगून चिमूटभर मीठ घालावयास लावतात.

परंतु या सर्व दप्तराचे सार एका शब्दात आहे, आणि तो शब्द 'हळू' हा होय. नॉर्वेत राहणाऱ्या एका संशोधकाने अव्वल दर्जाच्या खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास करून, त्यांचा पाचांपैकी चार भाग सराव संथ असतो असे दाखवून दिले. अव्वलसाहेबांनी त्याचे आपल्या चलनात रूपांतर केले: सोळा आण्यांतले तेरा आणे हळू, तीन आणे जोरात. शेजारच्या बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ११.२० सेकंदांत धावून रौप्यपदक मिळविले, सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले, तेव्हा सारा मराठवाडा हळहळला. अव्वलसाहेब मात्र शांतपणे म्हणाले, 'औशात असता तर आपण त्याला आणखी हळू पळवला असता.'

हळू धावण्यात अडथळा फुप्फुसांचा नसतो, गावाचा असतो. आमचे एक चाळिशीचे सर नेमून दिलेल्या १३५ ठोक्यांच्या आत राहून लातूर रस्त्याने निघाले असता मागून मोटारसायकलवर आलेल्या ओळखीच्या शेतकऱ्याने गाडी बाजूला घेऊन आस्थेने विचारले, 'सर, लई हळू पळायलाव की, दवाखान्यात सोडू का?' त्यासरशी सरांनी जो वेग घेतला तो घड्याळाने निमूटपणे टिपला, आणि सायंकाळी नोटीस आली: 'मजकूर दिवशी सकाळी आपली नाडी १५८वर गेल्याचे दिसून येते, सबब लेखी खुलासा सादर करावा.' सरांनी खुलासा दिला: 'गृहस्थ माझ्या मेव्हण्याच्या गावचे होते.' कारण समाधानकारक मानून प्रकरण दप्तरी दाखल करण्यात आले.

आपण स्वतः स्पर्धेत का उतरत नाही, असे मी त्यांना एकदा विचारून पाहिले. 'जमाबंदी करणाऱ्यानं नांगर धरायचा नसतो,' असे उत्तर देऊन त्यांनी माझे वय विचारले व समोरचा कोरा कागद पुढे ओढला. मी निरोप घेतला. त्यांनी शर्यत केलेली नाही, करणारही नाहीत; परंतु त्यांच्या हाताखालून गेलेला विहीरवाला शिष्य, डावीकडची सगळी भ्रमंती धरूनही, मुदतीच्या आत शर्यत पुरी करून आला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात खताची पोती उचलीत होता. ज्यांनी मोठ्या शहरांतल्या मार्गदर्शकांना महिन्याला हजारो रुपये मोजले, त्यांतले काही अद्याप लंगडत आहेत.

ज्या वाचकांस या मार्गदर्शनाचा लाभ घ्यावयाचा असेल त्यांनी पहाटे पाच वाजता औशाच्या किल्ल्यापाशी हजर राहावे. फी नाही. वयाचा दाखला आणि मागील आठवड्याच्या नाडीचा तक्ता दोन प्रतींत आणावा. अर्जास तिकीट लावण्याची गरज नाही.