एक ते पंचवीस अक्षरांत आवरा

सिस्कोच्या राउटरवर आयओएस नावाची प्रणाली चालते. तिच्या आज्ञांची पोथी उघडली की 'इनेबल पासवर्ड'ची आचारसंहिता सापडते. पासवर्ड १ ते २५ अक्षरांचा असावा. पहिलं अक्षर आकडा नसावा. सुरुवातीला मोकळी जागा सोडल्यास ती हिशेबात धरली जाणार नाही. मध्ये किंवा शेवटी सोडल्यास धरली जाईल. प्रश्नचिन्ह घालायचं असल्यास आधी कंट्रोल आणि व्ही ही बटणं दाबावीत, कारण नुसतं प्रश्नचिन्ह दाबलं की राउटरला वाटतं, तुम्हाला मदत हवी आहे. हे कलम लिहिणारा गृहस्थ आपल्याकडे असता तर महसूल खात्यातून सचिव म्हणून निवृत्त झाला असता आणि पुढची दहा वर्षं समित्यांवर काढली असती.

पंचवीसचं एक वेळ समजू शकतो. माझं लक्ष अडकलं ते एकवर. एखाद्या बँकेचा सगळा व्यवहार ज्या डब्यातून जातो, त्याचा सर्वोच्च अधिकार 'क' एवढ्याशा पासवर्डावर मिळत असला तरी नियमभंग होत नाही. शून्य अक्षरं मात्र चालणार नाहीत. शिस्त म्हणजे शिस्त.

शून्याला न्याय मिळाला तो लाटव्हियात. तिथल्या रीगा शहरातल्या मायक्रोटिक कंपनीचे राउटर स्वस्त आणि दणकट. आपल्याकडे कालपर्यंत केबल ओढणाऱ्या आणि आज 'फायबर देतो' म्हणणाऱ्या मंडळींचा त्यांच्यावर जीव. त्यांच्या राउटरओएस या प्रणालीत वर्षानुवर्षं एकच सोय होती : नाव ॲडमिन, पासवर्ड रिकामा. एंटर दाबा, या, बसा. ऑक्टोबर २०२१ मध्ये ६.४९ ही आवृत्ती आली, तेव्हा कुठे प्रणाली विचारू लागली की, साहेब, काहीतरी पासवर्ड ठेवता का? आता नव्या डब्यांच्या पोटावर प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड छापून येतो. उशिरा का होईना, आला.

पण ज्यांनी आधीपासूनच शहाणपणानं लांबलचक पासवर्ड ठेवला होता, त्यांचं काय झालं ते ऐका. २०१८ मध्ये या प्रणालीत एक भोक सापडलं. विनबॉक्स नावाची जी कारभाराची खिडकी आहे, तिच्यातून कुणालाही, लॉगिन न करता, वापरकर्त्यांची फाइल वाचता यायची. त्या फाइलीत पासवर्ड होते. ते सगळ्या डब्यांसाठी ठरवलेला एकच मजकूर मिसळून 'लपवलेले' होते, आणि तो मजकूर कळला की सगळं परत सरळ वाचता यायचं. चाळीस अक्षरांचा पासवर्ड ठेवणाऱ्याला त्याच्या कष्टाचं फळ मिळालं : चोराला त्याचा पासवर्ड चाळीसच्या चाळीस अक्षरांसह, काना-मात्रा न चुकता मिळाला.

कंपनीनं एप्रिलमध्येच दुरुस्ती दिली. लोकांनी ती लावली नाही. ऑगस्टपर्यंत ब्राझीलमधले राउटर दुसऱ्यांसाठी आभासी नाणी खणायला लागले होते, आणि ही साथ पुढे जगभरच्या लाखो राउटरांपर्यंत गेली. काहींनी दुरुस्ती लावली, पण पासवर्ड जुनाच ठेवला, कारण तो पाठ झाला होता. चोरांनाही झाला होता. २०२१ मध्ये 'मेरिस' नावाच्या टोळीनं रशियाच्या यांडेक्सवर सेकंदाला २ कोटी १८ लाख विनंत्यांचा मारा केला, तेव्हा मायक्रोटिकला हेच सांगावं लागलं : हे २०१८ चेच जुने राउटर आहेत, भोक बुजवून भागत नाही, पासवर्डही बदला. २०२३ मध्ये आणखी एक भोक गाजलं. या प्रणालीत ॲडमिन म्हणून आत आलेल्या माणसाला परस्पर 'सुपर-ॲडमिन' होता यायचं. ना निवडणूक, ना पक्षांतर. आधी ॲडमिन व्हावं लागतं ही अट होती खरी, पण त्याच वेळी असंही दिसलं की निम्म्याहून अधिक डब्यांवर ॲडमिन हे मूळचं नाव अजून तसंच नांदतंय.

सिस्कोवाल्यांनी हसू नये. त्यांच्याकडे 'टाइप ७' नावाचा प्रकार आहे. राउटरला आज्ञा दिली की तो कॉन्फिगरेशनमधले पासवर्ड अगम्य आकड्यांत बदलतो आणि इंजिनिअर समाधानानं घरी जातो. ते आकडे उलगडण्याची किल्ली जगातल्या प्रत्येक सिस्को राउटरमध्ये एकच आहे आणि १९९५ पासून जाहीर आहे. कंपनी स्वतःच सांगते की हे फक्त खांद्यावरून डोकावणाऱ्यापुरतं आहे. मग खरी सुरक्षा म्हणून 'टाइप ४' आला. जाहीर केलं होतं असं की प्रत्येक पासवर्डात वेगळं 'मीठ', म्हणजे चार भलतीच चिन्हं, घालून तो हजार वेळा घुसळला जाईल. २०१३ मध्ये दोन संशोधकांनी तपासलं, तर घुसळण एकदाच आणि मीठ नाहीच. हजार फेऱ्यांची निविदा, एका फेरीचं काम, मालाचा पत्ता नाही. ज्या वाचकांनी आपल्या वॉर्डातला रस्ता होताना पाहिला आहे, त्यांना यापुढे समजावून सांगायची गरज नाही.

आता मुद्द्याचं. पासवर्डाच्या लांबीला वरून हद्द घालायची गरजच काय? पासवर्ड नीट साठवायची जी रीत आहे, ती गिरणीसारखी आहे. गव्हाचं पीठ होतं, पिठाचे गहू होत नाहीत. ही गिरणी थोडी चमत्कारिक आहे, इतकंच : मूठभर टाका नाहीतर पोतं टाका, पीठ बाहेर पडतं ते मापून तेवढंच. राउटरनं फक्त पीठ ठेवायचं. तसं असेल तर तुम्ही आठ अक्षरं टाकता की ऐंशी, याच्याशी त्याला देणं-घेणं नसावं. कुणी राजपत्राचा अख्खा अंक पासवर्ड म्हणून चिकटवू नये म्हणून काहीशे अक्षरांवर फाटक घातलं तर ते रास्त. पण फाटक सोळावर दिसलं की संशय घ्यावा. पलीकडे एक तर गहू पोत्यातच ठेवलेत, नाहीतर गिरणी आजोबांच्या काळातली आहे.

त्या जुन्या गिरण्यांचा एक गुण वाखाणण्यासारखा होता. युनिक्सच्या जमान्यातली डीईएसवर चालणारी पद्धत पासवर्डाची पहिली आठ अक्षरं घ्यायची आणि उरलेली टाकून द्यायची. तक्रार नाही, सूचना नाही. तुम्ही आपले 'ॲडमिन१२३' असं इंग्रजीत लिहून त्यापुढे बारा अवघड चिन्हं बेतायचे, ती पाठ करायचे, दर वेळी जीव मुठीत धरून टाइप करायचे. ॲडमिनची पाच आणि आकडे तीन, झाली आठ. पुढची तुमची तपश्चर्या यंत्रानं कधी वाचलीच नाही.

आजच्या बीक्रिप्ट नावाच्या गिरणीची हद्द ७२ बाइट. ऐकायला ऐसपैस वाटतं, पण देवनागरीचा एकेक तुकडा तीन बाइट खातो. 'त्र्यंबकेश्वर' आपल्या लेखी पाच अक्षरं. यंत्राच्या लेखी व्यंजन, हलन्त, मात्रा, अनुस्वार मिळून तेरा तुकडे, म्हणजे ३९ बाइट. भाविकानं ते दोनदा लिहिलं तर होतात ७८. सहा बाइट जादा, दोन तुकडे बाद. शेवटचे दोन तुकडे कोणते? व आणि र. देवाचं नाव दोनदा घेतलं आणि यंत्रानं नेमका वर तेवढा कापला. अर्थात बहुतेक राउटर देवनागरी आतच घेत नाहीत, त्यामुळे ही फसवणूक आपल्या वाट्याला सहसा येत नाही.

सगळ्याच हद्दी मूर्खपणाच्या नसतात. घरच्या वायफायच्या पासवर्डाला ८ ते ६३ अक्षरं ही मर्यादा आहे. ६४ का नाही, तर ६४ षोडशमान अंक दिले की ती थेट मूळ किल्लीच समजायची, असं मानकात ठरलंय. कारण आहे, ते लिहून ठेवलंय, विषय संपला. त्रेसष्ट अक्षरांचं एवढं मैदान दिल्यावर आपण त्यात काय पेरतो? महाराष्ट्रातल्या कुठल्याही दिवाणखान्यात टीव्हीखालच्या कपाटाशी उकिडवा बसलेला, दातात वायर धरलेला मुलगा विचारतो :

"काका, पासवर्ड काय ठेवू?"

"ठेवा तुम्हीच काहीतरी."

"मोबाइल नंबरच ठेवतो. लक्षात राहील."

"आणि ते आतलं, सेटिंगचं?"

"ते आमचं असतं, काका. त्याला हात नका लावू."

"पण असतं काय ते?"

"ॲडमिन."

"आणि त्याचा पासवर्ड?"

"तेच की."

मोबाइल नंबराचा पहिला आकडा ६ ते ९ मधला, बाकीचे नऊ काहीही. एकूण शक्यता ४०० कोटी. एवढ्या तपासायला गेम खेळायच्या कॉम्प्युटरमधलं चांगलं ग्राफिक कार्ड काकांची दुपारची झोप होईतो मोकळं होतं. शेजाऱ्याला तेही लागत नाही. नंबर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. आणि 'तेच की'बद्दल सांगायचं तर २०१६ मध्ये मिराई नावाच्या कार्यक्रमानं साठेक जोड्यांची यादी घेऊन जगातले कॅमेरे नि राउटर गोळा केले. ॲडमिन-ॲडमिन ही जोडी त्या यादीत होतीच.

यावर नियम करणाऱ्यांचं उत्तर ठरलेलं : एक कॅपिटल घाला, एक आकडा घाला, एक चिन्ह घाला. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं २००३ मध्ये हा मंत्र रुजवला. ज्यांनी तो लिहिला त्या बिल बर यांनी २०१७ मध्ये वृत्तपत्राला सांगितलं की, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी संस्थेनंही बाजू बदलली. सक्ती सोडा, निदान ६४ अक्षरं टाकू द्या. आपल्याकडच्या पोर्टलांपर्यंत ही बातमी यायची आहे.

आणि या मंत्रात किती दम आहे ते ज्युनिपरच्या प्रकरणात दिसलं. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीनं कबूल केलं की, आपल्या फायरवॉलच्या स्क्रीनओएस प्रणालीत कुणीतरी परवानगीशिवाय जादा ओळी घुसवल्या आहेत. त्यात एक सर्वांसाठीचा पासवर्ड होता. वापरकर्त्याचं नाव काहीही द्या, हा टाका, दार उघडतं. वीस अक्षरांचा, तीन डावी टोकं, टक्केचिन्हं, कंस, मध्ये काही लहान अक्षरं. दिसायला अगदी प्रोग्रामरनं तपासणीसाठी ठेवून दिलेल्या ओळीसारखा, म्हणूनच नजरेत आला नाही. कॅपिटल एकही नाही. आकडा एकही नाही. तुम्ही-आम्ही असा पासवर्ड द्यायला गेलो असतो तर लाल अक्षरांत 'कमकुवत' अशी शेरेबाजी झाली असती.

झायझेल कंपनीनं मात्र बरेचसे नियम पाळले. २०२० च्या अखेरीस तिच्या फायरवॉलमध्ये कंपनीनंच ठेवलेलं एक छुपं खातं सापडलं, ॲडमिनच्या हक्कांचं. अकरा अक्षरं, मोठी-लहान दोन्ही, चिन्हं, जवळजवळ शास्त्रोक्त. फक्त तो पासवर्ड एक लाखाहून जास्त यंत्रांवर एकच होता, फर्मवेअरमध्ये साध्या मजकुरात पडलेला होता आणि मालकाला तो बदलता येत नव्हता. लांबीची, वळणाची, तीन महिन्यांनी बदलायची जी काही बंधनं आहेत ती पुढच्या दारानं येणाऱ्या गिऱ्हाईकासाठी असतात. घरच्यांना माफ.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्कोच्या आयओएस एक्सईची पाळी आली. वेबवरून कारभार करायची जी सोय होती, तिच्यातून कुठलाही पासवर्ड न देता नवं खातं उघडता यायचं, तेही पंधराव्या म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचं. धोक्याच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा गुण. चोरांनी खात्यांना नावं दिली 'सिस्को टॅक ॲडमिन' आणि 'सिस्को सपोर्ट'. मदत करायलाच आल्यासारखी. बाधित यंत्रांची संख्या बघता बघता दहा हजारांच्या कितीतरी पुढे गेली. आणि एका शनिवार-रविवारी ती अचानक शेकड्यांवर उतरली. जगभरचे तज्ज्ञ चक्रावले. प्रशासक जागे झाले? दुरुस्त्या लागल्या? तसं काही नव्हतं. चोरांनी आपल्या घुसवलेल्या कार्यक्रमात रातोरात बदल केला होता : ठरलेला संकेत दिल्याशिवाय त्यानं कुणालाही उत्तर द्यायचं नाही, त्यामुळे बाहेरून मोजणाऱ्यांना तो दिसेनासा झाला. सबंध प्रकरणात वेळेवर पासवर्ड लावणारा पक्ष हा एवढाच.