साहेबाचे ओटे आणि दोन लेखक

दोघांनी मिळून पुस्तक लिहायचं ठरलं की मुखपृष्ठावर आधी नाव कुणाचं, यावरून वाजतं म्हणतात. आमचं वाजलं ते एसटीच्या खिडकीवरून. पुस्तक कोकणातल्या जलदुर्गांवर. तेव्हा वाटेतला मुलूख नजरेखालून गेलाच पाहिजे, असं सहलेखकांचं म्हणणं. तळेऱ्याला विजयदुर्गाची गाडी लागली तशी त्यांनी बाहेरूनच रुमाल टाकून खिडकी धरली, वही मांडीवर उघडली, वर तारीख घातली आणि गाडीने हायवे सोडायच्या आत झोपले. पडेल कॅन्टीनपर्यंत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. आंब्याच्या बागा, चिऱ्याच्या खाणी, मध्येच चमकून जाणारी खाडी, सगळं मी त्या डोक्यावरून मान उंचावून पाहिलं. उतरल्यावर स्वारी म्हणाली, "नोंदी केल्यास ना? आपल्याला सुरुवातीला लागतील."

सहलेखक म्हणजे माझा कॉलेजपासूनचा मित्र. एरवी अरेतुरेच. पण करारावर सह्या झाल्यापासून मी चारचौघांत त्याला अहो-जाहो करतो. मानधन एकच आहे आणि त्याचे वाटे अजून व्हायचेत.

या वाट्यांच्या बाबतीत विजयदुर्गाची परंपरा थोर आहे. १७५६ साली इंग्रजांनी आंग्र्यांचा हा किल्ला घेतला तेव्हा समुद्रावर अ‍ॅडमिरल वॉटसन होता आणि जमिनीवरच्या फौजेचा म्होरक्या क्लाइव्ह. मुंबईहून निघण्याआधीच आरमारवाले आणि लष्करवाले यांच्यात लुटीच्या हिश्शांवरून धुसफूस सुरू झाली होती. किल्ला पाहायचाय अजून, आणि हिशेब चाललाय! मला हे दोघे एकदम घरचे वाटले. फरक एवढाच, की त्यांचं काम दोनेक दिवसांत उरकलं. आमचं विजयदुर्गाचं प्रकरण बरेच दिवस वेढा घालून बसलं तरी हाती येईना.

कारण स्वभाव. सहलेखकांना तळटीप दिल्याशिवाय घास गिळत नाही. त्यांच्या मसुद्यात पहिलं क्रियापद भेटतं ते पान उलटल्यावर. मी पडलो गोष्टीवेल्हाळ. माझा मसुदा वाचून ते म्हणाले, "अरे, तुझ्या प्रत्येक किल्ल्यावर सूर्यास्तच कसा होतो? सकाळी बंद असतात का किल्ले?"

रशियात इल्फ आणि पेत्रोव नावाचे दोन विनोदी लेखक होऊन गेले. एका टेबलाशी बसून, शब्दाशब्दाला हुज्जत घालत लिहायचे. त्यांचा एक दंडक होता: एकच शब्द दोघांना एकाच वेळी सुचला, तर तो टाकून द्यायचा. दोघांना सुचतो तो चौघांनाही सुचेल. हा दंडक आम्ही लॉजच्या गच्चीवर समुद्राला लावून पाहिला. "अथांग" दोघांच्या तोंडून एकदम निघाला, बाद. "निळाशार" बाद. "फेसाळत्या" बाद. तासाभरात समुद्राचं सगळं पाणी आटलं आणि आमच्या परिच्छेदात नुसती वाळू उरली. तेव्हा तो नाद सोडला.

खरं रण पेटलं ते किल्ल्यात, साहेबाच्या ओट्यांपाशी. इथून साहेबाने सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियमचा शोध लागला, हे सगळं गाव सांगतं. दर १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. मी तिथल्या तिथे वाक्य लिहून टाकलं: १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर हा साहेब याच ओट्यावर दुर्बिणीला डोळा लावून उभा होता.

"कुठे उभा होता?" सहलेखक.

"इथे. तू उभा आहेस तिथे."

"त्या दिवशी तो इंग्लंडात होता."

भर उन्हात तारखांची सरबत्ती सुरू झाली. १८६८चं ग्रहण फ्रेंच ज्यूल जान्सेनने गुंटूरला पाहिलं, हर्शेल घराण्यातला एक जण जमखंडीत होता, आणि लॉकियरने ग्रहणाची वाट न पाहता ऑक्टोबरमध्ये लंडनमधूनच सूर्याच्या वर्णपटात हेलियमची पिवळी रेघ टिपली. विल्यम रॅमसेला हेलियम पृथ्वीवर सापडला १८९५ साली. आणि लॉकियर विजयदुर्गाला आला तो २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला. 'मेल्पोमीनी' या जहाजावरचे नौसैनिक मदतीला घेऊन.

"म्हणजे आला होता ना?" मी.

"तीस वर्षांनी!"

"अरे, कोकणात येणारी माणसं उशिराच पोचतात. तुझ्या एका तळटिपेसाठी गावाचा हेलियम काढून घेऊ नकोस."

"आणि तुझ्या एका सूर्यास्तासाठी मी लंडनचा माणूस इथे आणून ठेवणार नाही."

बोलणं बंद. बुरुजावर एक या टोकाला, एक त्या टोकाला. मध्ये एक कुटुंब सेल्फी काढत होतं. त्यांनी दोघांनाही आळीपाळीने बाजूला सरकायला सांगितलं.

रात्री खानावळीत काकूंनी दोन ताटं वाढली. तळलेला बांगडा, भात, सोलकढी. आमच्या तोंडांवरून काहीतरी बिनसलंय हे त्यांनी ओळखलं असावं. "दोघांनी मिळान येकच पुस्तक लिवतास?" त्यांनी विचारलं. "मगे येक लिवता तेवा दुसरो काय करता?"

"खोडतो," आम्ही दोघेही एकदम म्हणालो. इल्फ-पेत्रोवच्या हिशेबाने तो शब्दही बादच. पण तोवर सहलेखकांनी त्यांच्या बांगड्याची पाठ माझ्या ताटात सरकवली होती. त्यांना काटे काढायचा कंटाळा, मला पोटाकडचा भाग आवडत नाही. कॉलेजच्या मेसपासूनची ही वाटणी आम्ही कुठल्याही करारात घातलेली नाही.

त्याच टेबलावर, सोलकढीचा डाग पडलेल्या कागदावर वाक्य जुळलं: ग्रहणं दोन, साहेब एक, आणि तो आला दुसऱ्याला, गावाने मात्र प्रेमाने त्याला पहिल्यापासून हजर धरलंय. "प्रेमाने" माझा, "दुसऱ्याला" त्यांचा. माझा सूर्यास्त गेला. त्यांच्या जमखंडीवरच्या लांबलचक तळटिपेचीही एकच ओळ राहिली, तीही मी लॅपटॉप लपवून ठेवला म्हणून.

वाचकहो, विजयदुर्गाला गेलात तर ओटे जरूर पाहा. तिथे कुणी छातीठोकपणे १८६८ सांगू लागला तर मान डोलवा, १८९८ मनात ठेवा. आणि बरोबर इतिहासाचा एम. ए. असेल, तर आधी त्याला जेवू घाला.