वरोऱ्याचा कॉफीभाऊ

वरोऱ्यात कॉफीला आजवर काहीतरी निमित्त लागायचं. पोरगी पाहायला पाहुणे आले, रिसेप्शनच्या मांडवात ते फुसफुसणारं मशीन लागलं, नाहीतर परीक्षेसाठी रात्र जागवायची असली, तर कॉफी. दूध भरपूर, साखर त्याहून भरपूर. घरची असेल तर जायफळ, मांडवातली असेल तर फेसावर चॉकलेटची भुकटी. बाकी दिवसभर चहा, तोही टपरीवर, उभ्यानं, दोघांत एक.

ही घडी कॉफीभाऊनं मोडली.

कॉफीभाऊ मूळचा इथलाच. इंजिनिअरिंग नागपूरला, नोकरी हिंजवडीत. पुण्यात नवीन ओळख झाली की ‘आनंदवनाजवळचा’ असं सांगायचा, म्हणजे समोरच्याला गाव लगेच कळायचं. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आला, तो येताना हातानं फिरवायची चक्की, बगळ्याच्या मानेची विजेची किटली, दशांश ग्रॅम दाखवणारा काटा आणि व्ही-सिक्स्टी नावाचा एक जपानी शंकू घेऊनच आला. त्या शंकूला खाली भोक. बाबांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, “हे चाडं कोठून आणलं रे? पेरणीले तर अजून वेळ आहे.”

विधी सकाळी आठला सुरू होतो. पूड १५ ग्रॅम, पाणी २५० मिली, तापमान ९३ अंश. आधी थोडंसंच पाणी ओतून अर्धं मिनिट थांबायचं; पूड फुगते, आतला वायू निघून जातो. आई ओट्याशी फोडणी धरून उभी असते, पण तोवर कुणी मधे यायचं नाही. गावात ६०० मेगावॅटचं वीज केंद्र आहे आणि तासाभराच्या अंतरावर चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचं. तरी किटली ८१ अंशांवर असतानाच लाईन जाते. मे महिन्यात मात्र छतावरच्या टाकीतून येणारं पाणीच असं असतं, की किटलीचं निम्मं काम सूर्यानंच केलेलं.

मग चव. शंभरपैकी ऐंशी गुण पडले तरच कॉफी ‘स्पेशालिटी’, हे कॉफीभाऊ प्रत्येकाला सांगतो. (बारावीला स्वतःला किती पडले होते, ते विचारायचं नाही.) पाकिटावर ‘संत्र्याची साल, गूळ’ असं छापलेलं असतं. पहिला घोट घेऊन मावशी म्हणाली, “संत्रं तर आपल्याच फ्रिजमधी आहे, अन् गूळ डब्यात. मंग हे कडू काऊन लागते?”

पाकिटावर आणखीही बरंच असतं: चिकमगळूरच्या मळ्याचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, फळ कसं वाळवलं. कॉफीभाऊ हे सगळं स्तोत्रासारखं म्हणून दाखवतो. विदर्भातल्याच चिखलदऱ्यात कॉफी पिकते, हे मात्र त्याच्या गावी नाही. तिथं जाऊन तो धुक्याचे फोटो तेवढे काढून आलाय.

मळ्याचं नाव पाकिटावर आलं कसं, याची गोष्ट त्याच्या कॉफीपेक्षा दाट आहे. पूर्वी मळेवाल्याचा माल कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जायचा. कुणाचा दाणा कुठला, हे तिथंच पुसलं जायचं. नव्वदच्या दशकात ती सक्ती टप्प्याटप्प्यानं सैल झाली आणि १९९६ला पुरती संपली. त्याच वर्षी बंगळुरूत कॅफे कॉफी डे उघडलं. पुढं २०१३मध्ये ब्लू टोकाईसारख्या कंपन्या आल्या आणि मळ्याचं नाव हाच विकायचा माल झाला.

बाबांनाही सामाईक साठा चांगला ठाऊक आहे. महाराष्ट्रात १९७२पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती, तेव्हा सगळा कापूस एकाच दारात जायचा. ती योजना गेली, व्यापारी आले, जिनिंगवाले आले. पण गाठीवर वरोरा तालुक्यातल्या कुठल्या वावराचं नाव काही आलं नाही. कापसाला धाग्याची लांबी विचारतात, ओलावा विचारतात. कुणी पिकवला, ते कुणी विचारत नाही.

म्हणून त्यांनी एकदा हिशेब घातला. पाव किलोचं पाकीट सहाशेचं, म्हणजे किलो चोवीसशे. २०२५-२६चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. “तुयी एक किलो कॉफी म्हणजे माहा तीस किलो कापूस,” ते म्हणाले, “अन् वेचणीची मजुरी वायलीच.” कॉफीभाऊनं काट्याकडे पाहिलं. १५.२ ग्रॅम भरत होते. त्यानं दोन दाणे काढून परत डब्यात टाकले.

टपरीवर मात्र त्याचं वजन वाढलंय. मित्र कॉफीची टिंगल करतात आणि रविवारी घरी प्यायला येतात. दोघांनी तर गुपचूप चक्क्या मागवल्याची खबर आहे.

तुमच्याही ओळखीत असा कॉफीभाऊ असेल, तर जाताना चहा पिऊनच जा. पहिला कप हाती यायला अर्धा तास धरून चाला आणि साखर मागायची झालीच, तर आईकडे मागा.