आईबापांना न येणारा विषय

शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलाला चौदावं पूर्ण होईपर्यंत आईबापांचं बरं चाललेलं असतं. सुगरणीचं घरटं दिसलं की विज्ञान, वाण्याची उधारी म्हणजे गणित, आणि दोघांत वाद झाला की भाषा, असा त्यांचा अभ्यासक्रम असतो. त्याला परीक्षा नसते, म्हणून त्यात कुणी नापासही होत नाही. मग दहावीचा अर्ज येतो आणि त्यात विषयांचे रकाने असतात. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरला तर फार विचार करावा लागत नाही, कारण निवडायलाच फारसं काही नाही. तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे. स्वातंत्र्य काय ते संस्कृत पूर्ण घ्यायचं की हिंदीबरोबर अर्धं, एवढंच. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचं, म्हणजे एनआयओएसचं, तसं नाही. तिथे एक भाषा धरून पाच विषय पुरतात, हवे तर आणखी दोन घेता येतात, आणि गणित सक्तीचं नाही. हे शेवटचं कळल्यावर अनेक मुलांची शासनावर श्रद्धा बसते. यादीत मानसशास्त्र आहे, गृहविज्ञान आहे, हिशेबशास्त्र, चित्रकला, हिंदुस्थानी संगीत आणि डेटा एन्ट्री आहे. व्यावसायिक विषयांत बेकरी, सुतारकाम, वेल्डिंग आणि चक्क लाँड्रीसुद्धा आहे. मुंबईचा फ्लॅट भाड्याने देऊन शहापुरात किन्हवलीकडे नाहीतर मुरबाडात धसईकडे एनए प्लॉटवर घर बांधून राहिलेल्या जोडप्यापुढे ही यादी आली की मुलाच्या ऐच्छिक विषयांवर तिघांची चर्चा बसते, आणि तीत मुलगा सोडून दोघे बोलतात.

त्या चर्चेचा निकाल बहुधा ठरलेला असतो. आई बँकेत होती तर हिशेबशास्त्र येतं, बाप संगणकातला असला तर डेटा एन्ट्री येते, आणि आजोबा फोनवर असले तर संस्कृत. कारण मोठं सोयीचं असतं: हा विषय आम्हाला शिकवता येईल. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. घरी शिकणाऱ्या मुलाच्या पाच विषयांत निदान दोन तरी असे असावेत, जे आईलाही येत नाहीत आणि बापालाही नाहीत. शाळेतल्या मुलाला एक मोठी सवलत असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: शिकवणारा माणूस संध्याकाळी आपल्या घरी निघून जातो. तालुक्याच्या शाळेतले गणिताचे सर रात्री शेजारच्या पाटावर बसून ‘आज प्रमेय नीट झालं नाही हं’ म्हणत नाहीत. घरशाळेत ते म्हणतात, आणि म्हणता म्हणता भाजी वाढतात. पाचही विषयांचे गुरुजी एकाच छपराखाली घोरत असले, तर मुलाला शिक्षकांच्या कुचाळक्या करायला घर उरत नाही आणि घरच्यांच्या कुचाळक्या करायला शाळा उरत नाही. चौदाव्या वर्षी यातलं एक तरी लागतंच.

पुरावा फार लांबून आणायला नको. आनंदीबाई जोशी ही कल्याणच्या जोशांची लेक, जन्म १८६५चा. आपल्याकडच्या घरशाळेची ही सर्वांत गाजलेली विद्यार्थिनी. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि नवरा ही तिन्ही पदं टपालखात्यातल्या गोपाळराव जोशी या एकाच गृहस्थाकडे होती. त्यांचा शिकवण्याचा हट्ट असा, की अभ्यास सोडून बायको स्वयंपाकघरात सापडली तर संतापत. या गुन्ह्याची नोंद त्या काळी महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्या घरात झाली असेल असं वाटत नाही. इंग्रजी त्यांनी शिकवलं. पण तिचं नाव झालं ते वैद्यकामुळे, आणि त्यातलं गोपाळरावांना काही येत नव्हतं. त्या ओढीमागे दहा दिवसांचं मूल गमावल्याचं दुःख होतं. तिथे थट्टा थांबते. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ती डॉक्टर झाली तेव्हा गोपाळराव समारंभाला हजर होते, पण पाहुणे म्हणून. त्याच समारंभाला आलेल्या पंडिता रमाबाई या दुसऱ्या घरशाळेच्या विद्यार्थिनी. संस्कृत त्यांना आईवडिलांनी दिलं. अमेरिकेत त्या बालवाडीचं शास्त्र शिकल्या, आणि ते अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या पोथ्यांत कुठेही नव्हतं. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर मुंबईची मालविका जोशी आहे. सातवीनंतर तिची शाळा सुटली, आईने घरी शिकवायला घेतलं, आणि संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या जोरावर २०१६ साली अमेरिकेच्या एमआयटीने तिला प्रवेश दिला. बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे आयआयटीचं दार बंदच होतं. वरच्या दर्जाचं गणित ती चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमधल्या प्राध्यापकांकडे शिकली. आईचं खरं शहाणपण मला तिथे दिसतं: आपली हद्द संपली हे वेळेत ओळखणं.

यावर पहिला सवाल येतो तो असा, की आम्हाला येत नाही तो विषय या रानात शिकवणार कोण? हे विचारणाऱ्यांनी आपण राहायला कुठे आलो आहोत ते एकदा कुंपणाबाहेर येऊन पाहावं. एमएस-सीआयटीचा क्लास नाही असं तालुक्याचं गाव महाराष्ट्रात सापडायचं नाही, तेव्हा डेटा एन्ट्रीची काळजी सोडावी. पेटी वाजवणारे बुवा भजनी मंडळात असतातच. त्यांची वही आणि परीक्षेची वही जुळणार नाही कदाचित, पण सूर जुळतो, आणि बापाला तेवढंही जमणार नव्हतं. निवृत्त गुरुजी तर गावोगाव आहेत, आणि त्यांचं ऐकून घेणारं माणूस त्यांच्या घरात उरलेलं नसतं. अर्थशास्त्र घ्यायचं तर तानसाच्या पाण्यापाशी उभं राहावं. १८९२ पासून ते पाणी मुंबईला जातंय, पाठोपाठ वैतरणा गेली, भातसा गेली, आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतो. मागणी, पुरवठा आणि किंमत हे तीन धडे कुठल्याच पाठ्यपुस्तकाने इतक्या उघडपणे मांडलेले नाहीत. एका विषयात मात्र जपावं, तो म्हणजे शेती. शेती आपल्याला येते असा शहरातून आलेल्या बापाचा ठाम समज असतो. राब भाजायचा कधी आणि रोप उपटायचं कधी, हे शेजारच्या ठाकूर नाहीतर कुणबी म्हाताऱ्याला विचारावं; बाप व्हिडिओ बघून आलेला आहे.

कुणी म्हणेल, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा निघाली, तिथे तर सून सासूला शिकवत होती. मग घरच्यांनी शिकवलेलं चालत नाही असं कसं? चालतं. पण त्यासाठी गावाने वेगळा वर्ग भरवला, सगळ्या आज्यांना गुलाबी लुगड्यांचा गणवेश दिला, हातात पाटी दिली, पाठीला दप्तर लावलं. घरच्या लुगड्यात, घरच्या ओट्यावर सासू सुनेचं ऐकेल यावर गावाचाही विश्वास नसावा.

दुसरी धास्ती भवितव्याची. चौदाव्या वर्षी चित्रकला घेतली आणि अठराव्या वर्षी इंजिनिअर व्हावंसं वाटलं तर? धास्ती खोटी नाही. दहावीला गणित-विज्ञान सोडलं तर शास्त्र शाखेची वाट अवघड होते, हे अर्ज भरण्याआधी मुलाला स्वच्छ सांगावं, आणि सांगून गप्प बसावं. यातलं दुसरं काम जास्त कठीण. पण मुक्त विद्यालयाची नोंदणी पाच वर्षं टिकते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, मध्येच विषय बदलता येतो. मुरबाडला रेल्वे येणार हे ऐकत पिढ्या म्हाताऱ्या झालेल्या तालुक्याला पाच वर्षांचं काय मोठंसं? २०२३ मध्ये तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बारावीनंतर जीवशास्त्र हा जादा विषय घेऊन पास होणाऱ्यांनाही नीटची वाट मोकळी केली. सरकारी यंत्रणेने एवढी लवचीकता दाखवावी आणि घरच्यांनी मात्र पहिल्या निवडीला लग्नाची गाठ समजावं, हे अजबच. मुलगा सोपा विषय निवडेल, अशीही एक कुरकुर असते. निवडू द्यावा. ज्या पिढीने कालिदासासाठी नव्हे तर १०० पैकी ९८ साठी संस्कृत घेतलं, तिने आळसावर व्याख्यान देऊ नये. शिवाय परीक्षा बाहेरची आहे. अमेरिकेतल्या मराठी घरात मुलगी घरी शिकली तर बऱ्याच राज्यांत तिचं गुणपत्रक आईच तयार करते, आणि महाविद्यालयं ते चालवूनही घेतात. इथे पेपर अनोळखी माणूस तपासतो आणि ३३ टक्क्यांशिवाय सोडत नाही.

तिसरा आक्षेप खुद्द माझ्या सिद्धान्तालाच अडचणीत आणतो. आईबापांना न येणारे विषय हवेत ना? मग याच तालुक्यांतल्या कातकरी वाडीवरच्या मुलाइतका भाग्यवान कुणी नाही. यादीतले बहुतेक विषय त्याच्या आईबापांना शिकायलाच मिळालेले नाहीत. दिवाळी झाली की बिऱ्हाड वीटभट्टीवर जातं आणि पावसाच्या तोंडावर परततं. मुक्त विद्यालयाची एक परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे भातकापणी आणि निघण्याच्या गडबडीत. दुसरी एप्रिल-मेमध्ये, म्हणजे भट्टी पेटलेली असताना. तोही शाळेत जात नाही, पण त्याची नोंद शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात होते आणि प्लॉटवाल्यांच्या मुलाची रविवारच्या पुरवणीत. शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वयापुरता. विषय निवडायच्या वयात दोघेही त्याच्या बाहेर, एवढी समानता मात्र आहे. तेव्हा नियमाला पुरवणी जोडावी लागते: विषय आईबापांना येत नसावा, पण तो येणाऱ्या माणसापर्यंत मुलाला पोचवण्याची ऐपत आणि फुरसत त्यांच्याकडे असावी. पुरवणीने सिद्धान्त वाचतो, भट्टीवरचा मुलगा वाचत नाही. प्लॉटवाल्या घराने निदान पावसाळ्याचे चार महिने त्याच बुवांकडे, त्याच गुरुजींकडे आपल्या मुलाबरोबर त्यालाही पाठवावं आणि दोघांची फी भरावी. यात उपकार कसला? घरशाळेत ज्याची सर्वांत जास्त चणचण असते तो वर्गमित्र एवढ्या स्वस्तात दुसरीकडे मिळायचा नाही.

दोन विषय हातचे गेले की आईबापांना चुकल्याचुकल्यासारखं होतं, हेही खरं. चित्रकलेच्या वहीत डोकावून ‘आकाश एवढं जांभळं असतं का रे?’ असं विचारल्यावाचून बापाला राहवत नाही. त्यावरही मुक्त विद्यालयात तोड आहे. दहावीच्या प्रवेशाला किमान वय १४ आहे. कमाल वय ठेवलेलंच नाही. एवढी गोडी लागली असेल तर बापाने स्वतःचाच अर्ज भरावा, रकान्यात चित्रकला लिहावी आणि मुलाच्या पुढच्या बाकावर बसून पेपर द्यावा. निकाल मनासारखा लागला नाही, तर ‘अजून आठ संधी आहेत, बाबा’ असं सांगायला घरात अनुभवी माणूस आहेच.