रा. रा. सोमल यांस अनावृत पत्र

रा. रा. सोमल ऊर्फ आर्सेनिक, मुक्काम गंगेचे खोरे, यांसी साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

2025 च्या आरंभी आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, कठोरा अशा गावांतून, आबालवृद्धांचे केस नुसते ओढताच मुळासकट हाती येऊ लागले आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडू लागले, तेव्हा सरकारी संशयाची पहिली नजर पाण्याकडे वळली, आणि शिसे महाशयांसमवेत आपलेही नाव संशयितांच्या फेरिस्तीत दाखल होऊन नमुने पुण्यास रवाना झाले. या अप्रतिष्ठेबद्दल जिल्ह्याच्या वतीने मी दिलगीर आहे. तसा अधिकार मला कोणी दिलेला नाही, परंतु ज्यांना आहे त्यांना सवड नाही.

आपली कार्यपद्धती ज्यास ठाऊक आहे त्याने हा संशय घेतलाच नसता. रंग, गंध वा रुची यांची कोणतीही वर्दी न देता आपण पाण्यातून उदरात उतरता. तेथे यकृतरूपी कारकून आपल्यावर मिथिलचे एकामागून एक दोन शिक्के उमटवून मूत्रमार्गे हद्दपारीची तजवीज करतो, आणि थोड्याच दिवसांत आपला बराचसा भाग खरोखरच बाहेर पडतो. परंतु पहिला शिक्का बसून दुसरा बसण्यापूर्वी आपण मूळच्यापेक्षाही जहाल होऊ शकता, याची त्या बापड्यास दखल नसते. उरलेला अंश केराटिनमधील गंधकाशी सलगी करून त्वचा, केस व नखे यांत ठाण मांडतो, आणि पुष्कळदा पाच-दहा वर्षे लोटल्यावर छाती-पाठीवर गडद-फिकट ठिपके, तळहात-तळपायांवर खडबडीत गाठी, आणि एखाद्या दुर्दैवी जिवाच्या कातडीत कर्करोग असा आपला जाहीरनामा प्रसिद्ध होतो. पश्चिम बंगालमध्ये रोगट तळ्यांऐवजी शुद्ध पाणी मिळावे म्हणून लोककल्याणार्थ बसविलेल्या कूपनलिकांतूनच आपण वर आलात, आणि 1983 साली कलकत्त्याच्या डॉ. के. सी. साहा यांनी रोग्यांची त्वचा पाहून आपणास ओळखले. इतक्या धीराच्या गृहस्थावर तीन दिवसांच्या टकलाचा आळ!

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी बोट दाखविले ते रेशनच्या परप्रांतीय गव्हावर व त्यातील सेलेनियमवर. रुग्णांच्या रक्तात ते 35 पट, लघवीत 60 पट आणि केसांत 150 पट वाढल्याचे त्यांचे म्हणणे. ते खरे असेल तर मुद्देमाल सरकारी पोत्यातून, शिधापत्रिकेवर रीतसर नोंद होऊन, फिर्यादीच्याच अंगठ्यानिशी घरात आला. आणि गंमत अशी की, पाण्यातून दिलेला सोमल सेलेनियमयुक्त धान्याचे विष उतरवितो, हे अमेरिकेत मॉक्सन यांनी 1938 सालीच उंदरांवर दाखविले होते. म्हणजे पाण्यात आम्ही ज्यास आरोपी म्हणून हुडकीत होतो, तो साक्षात उतारा! (हा उपचार कोणी घरी करून पाहू नये.)

केस झटपट गेले, म्हणून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पथके गावात आली. संग्रामपूर व जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या खारे पाणी पिऊन मूत्रपिंडाच्या विकाराने खंगणाऱ्यांचे दुःख मात्र आपल्यासारखेच सावकाश चालते, सबब त्याच्या वाट्याला मोटारींचा ताफा येत नाही.

तेव्हा इकडे येण्याचा बेत झालाच, तर आरंभ डोक्यापासून करावा. तळपायांपासून केलात, तर वऱ्हाडातल्या अनवाणी शेतमजुराच्या भेगांत आपल्या गाठी कोणत्याही दप्तरी वेगळ्या नोंदल्या जाणार नाहीत.

कळावे, लोभ नसावा ही विनंती.

आपला,
शेगाव तालुक्यातील एक शिधापत्रिकाधारक