पासबुककाका

कोणत्या बँकेत खातं उघडावं हे पासबुककाकांना विचारायचं असेल, तर जेवून जावं. आमच्या इमारतीत नव्यानंच राहायला आलेल्या एका मुलीनं हा प्रश्न जिन्यात, हातात दुधाची पिशवी असताना विचारला होता. दूध नासलं. काकांचा उलटप्रश्न ठरलेला असतो : "सेवा हवीय, का शुल्क वाचवायचंय?" समोरच्यानं भाबडेपणानं "दोन्ही" म्हटलं, की हापूस पन्नास रुपये डझनानं मागणाऱ्याकडे बागायतदार जसा बघेल, तसे ते बघतात. मग पिशवीतून वही निघते.

पिशवी साडीच्या दुकानातली, बंद जांभळे. आत प्लॅस्टिकच्या कव्हरांतली पासबुकं, त्यांना रबरबँड, आणि लाल पुठ्ठ्याची लांबट वही. मंत्रालयातल्या लेखा शाखेत उभी हयात गेल्यामुळे पानाला मधोमध रेघ मारल्याशिवाय काकांना विचार करता येत नाही. रेघेच्या डावीकडे 'द्यायचे' : किमान शिल्लक, डेबिट कार्डाची वार्षिक फी, एसएमएसचे पैसे, चेकबुकाच्या दर पानाचा दर, डुप्लिकेट पासबुकाचा आकार. उजवीकडे 'मिळायचे' : पंखा, बाक, पाणी, पेन. पेनासाठी शेऱ्याची वेगळी जागा आहे. "पेन आहे, रिफिल नाही." "दोरी आखूड, डावखुऱ्यास निरुपयोगी." एका शाखेपुढे नुसतंच "टोपण कॅशियरच्या खिशात" असं लिहिलंय. सगळ्यांत शेवटचा रकाना 'मान वर'. म्हणजे आपण काउंटरसमोर उभे राहिल्यावर, न खाकरता, आतल्या माणसाची मान वर होते का? एका बँकेबद्दल तिथे नोंद आहे : "होते, पण भिंतीवरच्या घड्याळाकडे."

असे काका डोंबिवलीतच असतात असं नाही. पार्ल्यात आहेत, चिंचवडला आहेत, सांगलीत तर एकेका गल्लीला एक असावा. यांची पैदास होण्याला कारण आहे. यांनी पहिलं खातं उघडलं तेव्हा निवड करण्यासारखं काही नव्हतंच. १९६९ च्या जुलैत चौदा मोठ्या बँका सरकारनं घेतल्या, १९८० मध्ये आणखी सहा. बचत खात्याचा व्याजदर रिझर्व्ह बँक ठरवायची आणि तो सगळीकडे सारखा. २००३ पासून पुढची आठ वर्षं साडेतीन टक्के म्हणजे साडेतीन टक्के, मग तुम्ही फोर्टात खातं काढा नाही तर फलटणला. त्यामुळे खातं कुठे काढायचं, तर स्टेशनच्या वाटेवर जी शाखा असेल तिथे, किंवा जिथे मामेभाऊ अधिकारी असेल तिथे. २५ ऑक्टोबर २०११ ला बचत खात्याचा दर बँकांनी आपापला ठरवावा असं झालं, २०१७ च्या जुलैपासून प्रत्येक शुल्कावर अठरा टक्के जीएसटी बसला, आणि मधल्या काळात काका निवृत्त झाले. एवढ्या गोष्टी एका माणसाच्या आयुष्यात लागोपाठ आल्यावर दुसरं काय होणार?

सुरुवातीला ते सेवेकडे ओढले गेले होते, हे त्यांच्याकडून काढून घ्यावं लागतं. मुलानं हौसेनं त्यांचं खातं एका खाजगी बँकेत उघडून दिलं. गार हवा, गुळगुळीत फरशी आणि दाराशी सलाम ठोकून दार उघडणारा रखवालदार. काका पहिले काही महिने इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. मग एका दुपारी त्यांनी त्या दाराचा हिशोब मांडला. किमान शिल्लक दहा हजार. बचत खात्यात तिच्यावर अडीच-तीन टक्के मिळणार, तीच मुदत ठेवीत असती तर साडेसहा-सात मिळाले असते. फरक चार टक्क्यांचा, म्हणजे वर्षाला चारशे रुपये. महिन्यातून एकदा बँकेत जाणं होतं. "म्हणजे दार उघडण्याचे प्रत्येक वेळी तेहेतीस रुपये तेहेतीस पैसे!" काका मला म्हणाले. "आणि ते दार आत ढकललं जातं हो. मी खांद्यानं ढकलीन."

हा हिशोब मी पुढे बऱ्याच शिकल्यासवरल्या लोकांना सांगितला. ते हसले, आणि मग काही वेळ गप्प बसले.

त्याच बँकेत काकांचं पहिलं मोठं भांडण झालं. शिल्लक एका महिन्यात कमी पडली, त्याचा दंड 'मेट्रो' शाखेच्या दरानं. काकांनी मॅनेजरच्या केबिनमध्ये विचारलं, "डोंबिवली मेट्रो कधी झाली? मी चाळीस वर्षं आठ बाराच्या लोकलला लोंबकळत गेलो. तुम्ही कुठल्या मेट्रोनं आलात?" तो बिचारा बदलापूरहून येत होता. तरी काकांनी त्याला सोडलं नाही. शिल्लक घटली तर बँकेनं आधी कळवायचं, भरायला महिन्याची मुदत द्यायची, दंड जेवढी तूट त्या प्रमाणातच घ्यायचा आणि नुसत्या दंडापायी खातं उण्यात जाऊ द्यायचं नाही, हे रिझर्व्ह बँकेचे २०१५ पासून लागू असलेले नियम त्यांनी त्याला तोंडी म्हणून दाखवले. बाहेर रांगेतल्या दोघांनी ते लिहून घेतले म्हणतात.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेनं महानगरांतल्या नव्या खात्यांसाठी किमान सरासरी शिल्लक पन्नास हजार केली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच ती पंधरा हजारांवर आणली. त्या आठवड्यात काका जिन्यानं चढत होते. लिफ्टमध्ये भेटणाऱ्यांपेक्षा जिन्यात भेटणारे जास्त वेळ थांबतात.

काकूंचं खातं सहकारी बँकेत आहे. त्यांचं याबाबतीत काही म्हणणंच नाही, आणि काकांना नेमकं तेच खुपतं. काकू गेल्या की तिथली मुलगी उठून "काकू, गुडघा कसाय?" म्हणून विचारते. जानेवारीत दिनदर्शिका घरपोच येते. स्लिप ती मुलगीच भरते, काकू फक्त सही करतात, तीही ती सांगेल तिथे. काकांच्या वहीत या बँकेचा उजवा रकाना असा गच्च भरलाय की अक्षर समासात गेलंय. डावीकडे मात्र एकच ओळ आहे, लाल शाईत : "सप्टेंबर २०१९." त्या महिन्यात पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदारांना सहा महिन्यांत मिळून हजार रुपये काढायची मुभा होती. ती दृश्यं काकांनी टीव्हीवर उभ्यानं बघितली. ठेवींचा विमा तेव्हा लाखाचा होता, तो ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांचा झाला. पण तो मुद्दल आणि व्याज मिळून, आणि एका माणसाला एका बँकेत, सगळ्या शाखांत मिळून. म्हणून काकूंच्या ठेवी काका चार लाख साठ हजारांच्या वर जाऊ देत नाहीत. गेल्या, की वरचे पैसे उचलून दुसरीकडे ठेवतात. तिथल्या मॅनेजरना हे फार लागतं. "काका, आमच्यावर विश्वास नाही?" असं त्यांनी एकदा विचारलं. काका म्हणाले, "आहे ना. पाच लाखांपर्यंत."

सेवा आणि शुल्क यांचा तराजू इतका बारीक लावणाऱ्या माणसाला लोक चिक्कू म्हणतात. मीही म्हणायचो. तसं नाही हे मला दोनशे छत्तीस रुपयांच्या प्रकरणात कळलं. खाजगी बँकेनं डेबिट कार्डाची वर्षाची फी कापली : दोनशे रुपये, वर जीएसटी छत्तीस. हे कार्ड काकांनी वर्षभर पाकिटातून काढलेलंही नव्हतं, आणि बंद करा असं लेखी दिलेलं होतं. त्यांनी आपल्या रिलेशनशिप मॅनेजरला फोन लावला. हे पद काकांच्या मते भाद्रपदातल्या पावसाळी ढगाचं आहे, दिसतं आणि जातं. आधीचा मुलगा गेला होता. नव्यानं "सर, तुमच्यासाठी एक सुंदर प्लॅन आहे" म्हणून विम्याची माहिती सुरू केली. काकांनी ती पूर्ण ऐकून घेतली, शेवटी "आणि माझे दोनशे छत्तीस?" एवढंच विचारलं. तोही पुढच्या महिन्यात गेला.

मग काकांनी बँकेला लेखी तक्रार दिली, पोचेचा शिक्का घेतला, तीस दिवस थांबले आणि एकतिसाव्या दिवशी सकाळी आंघोळ करून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेले. म्हणजे संगणकावरच. २०२१ च्या नोव्हेंबरपासून ही सोय सगळ्या देशाला एकच आहे, फी नाही, वकील लागत नाही. काकांना ती इतकी आवडली की आणखी काही तक्रार उरलीय का म्हणून त्यांनी जुनी पासबुकं काढून बघितली. यथावकाश दोनशे छत्तीस रुपये खात्यात परत आले. काकू म्हणाल्या, "अहो, झेरॉक्स आणि रिक्षात तुम्ही याच्या दुप्पट घातलेत."

"रिक्षावाल्यानं मला विचारून घेतलेत," काका म्हणाले.

यावर काकूंना बोलायला काही सुचलं नाही. मलाही नाही.

मुलगा बंगळुरूहून फोनवर सांगतो, बाबा, हे सगळं अ‍ॅपवर होतं. खरंच होतं. नेफ्टला ऑनलाइन बचत खातेदारांकडून २०२० पासून पैसे घेत नाहीत, यूपीआय फुकट. काका ते सगळं वापरतात, मुलापेक्षा सफाईनं वापरतात. पण अ‍ॅपमध्ये 'मान वर' हा रकाना भरता येत नाही. त्यांनी तिथे आडवी रेघ ओढून ठेवलीय.

अखेर काका टेकले ते स्टेशनजवळच्या सरकारी बँकेत. ते काही सहज घडलं नाही. त्यांना हवं होतं मूलभूत बचत खातं, किमान शिल्लक शून्य. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "काका, ते तुमच्यासारख्यांसाठी नसतं. गरिबांसाठी असतं." काकांनी रिझर्व्ह बँकेचं २०१२ चं परिपत्रक पिशवीतून काढलं : हे खातं कुणालाही, वय-उत्पन्नाची अट न घालता, महिन्याला चार वेळा पैसे फुकट काढता येतात, त्या बँकेत दुसरं बचत खातं मात्र ठेवायचं नाही. बाईंनी परिपत्रक वाचलं, चष्मा काढला, आणि त्यांची मान वर झाली. वहीत त्या दिवसाची तारीख आहे.

डावा रकाना असा जवळजवळ कोरा झाला. उजवाही कोराच होता. पंखा दोनवर अडकलेला, बाकाची एक फळी गेलेली, पाण्याच्या कूलरवर फॉर्मांचे गठ्ठे. पेन नव्हतं, नुसती दोरी होती. पासबुक छापायचं यंत्र दाराशी, आणि त्यापुढे रांग. पासबुकाच्या मागचा बारकोड खाली धरायचा की वर, हे कुणालाच माहीत नसायचं. यंत्र पासबुक गिळायचं, विचार करायचं आणि परत थुंकायचं. एक बाई तीनदा थुंकून घेऊन रडकुंडीला आल्या, तेव्हा काका पुढे झाले. पासबुक उलटं केलं, मधलं पान तळव्यानं सपाट केलं, आत सरकवलं. खर्रर्र करून ओळी उमटल्या. बाईंनी काकांना नमस्कार केला.

तेव्हापासून साडेदहाच्या सुमाराला काका तिथे असतात. आपलं पासबुक रोज छापण्यासारखं काही नसतं, पण रोज काहीतरी निघतंच. कुणाला पैसे भरायची स्लिप, कुणाला पंधरा-जी, कुणाला नॉमिनीचा फॉर्म. घरकाम करणाऱ्या बायका त्यांच्याकडे थेट येतात, कारण काका रक्कम अक्षरी लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवतात. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची झुंबड उडते. तेव्हा काका घरून दोन खुर्च्या आणतात आणि ज्याला चालवत नाही त्याला पुढे काढतात. ज्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत त्यांचे चेहरे मोबाइलवर घ्यायलाही शिकलेत, "डोळे मिटू नका आजी, तुम्ही आहात हेच सिद्ध करायचंय." पेनं ते स्वतःची आणतात, डझनानं. दोरी लांब केलीय. आतून आवाज येतो, "ते बाहेर काका आहेत ना, त्यांना विचारा."

आता काका सगळ्यांना हीच बँक सुचवतात. वहीतला उजवा रकाना भरत आलाय. बाक : चांगला. पाणी : आहे. स्लिप : भरून मिळते. विचारपूस : उत्तम. मी एकदा हळूच विचारलं, की काका, हे सगळं तुम्हीच करताय ना? त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "शाखेत मिळतं की नाही? मिळतं. आकार किती? शून्य. मग?"

परवा तिथे नवीन मॅनेजर रुजू झाले, तरुण, नागपूरकडचे. सकाळी शाखा फिरून बघताना यंत्रापाशी आले. काका एका म्हाताऱ्या गृहस्थांचं पासबुक सरळ करत होते. मॅनेजरनी थोडा वेळ कौतुकानं बघितलं आणि आपुलकीनं विचारलं, "काका, रिटायरमेंटला किती राहिले तुमचे?"

"ते बघू नंतर," काका मान वर न करता म्हणाले. "आधी रिबन बदलून द्या. अक्षरं फिकट यायला लागलीयत."